कुलपाची किंमत: १९११ ची न्यूयॉर्कची आग आणि स्वस्त अग्निसुरक्षेचा हिशोब



आजचा विषय इतिहासाचा आहे, पण तो माझ्याकडे एका फोनवरून आला. माझा एक जुना विद्यार्थी भोसरीला तयार कपड्यांचं छोटं युनिट चालवतो. तत्त्वज्ञान घेऊन बी.ए. झाला आणि शिवणयंत्रांत रमला. चाळीस-पंचेचाळीस बायका कामाला आहेत. तो म्हणाला, "सर, फायरचं सगळं करून देणारा एक माणूस भेटलाय. लाल सिलिंडर, पाट्या, कागदपत्रं, सगळं. बाकीच्यांच्या निम्म्या पैशात. घेऊ ना?" मी म्हटलं, "अरे, हे मला काय विचारतोस? मी काय अग्निशमन दलातून रिटायर झालोय का?" तर म्हणतो, "किंमत वेगळी आणि मोल वेगळं, हे तुम्हीच शिकवलं होतंत."

मी त्याला लगेच उत्तर दिलं नाही, थोडं वाचून सांगतो म्हटलं. त्या वाचनातून जे हाती लागलं ते आज तुमच्यापुढे ठेवतो. शेवटी त्याचं काय झालं तेही सांगेन.

आपल्याला जायचंय न्यूयॉर्कला, २५ मार्च १९११ या दिवशी. वार शनिवार, वेळ संध्याकाळचे पावणेपाच. मॅनहॅटनमध्ये वॉशिंग्टन प्लेस आणि ग्रीन स्ट्रीट यांच्या कोपऱ्यावर ॲश बिल्डिंग नावाची दहा मजली इमारत होती. तिच्या वरच्या तीन मजल्यांवर, म्हणजे आठव्या, नवव्या आणि दहाव्या मजल्यावर, ट्रँगल शर्टवेस्ट कंपनीचा कारखाना होता. शर्टवेस्ट म्हणजे बायकांचा पुढून बटणांचा ब्लाउज. त्या काळातल्या नोकरदार तरुणींचा आवडता पोशाख. मालक दोघे, मॅक्स ब्लँक आणि आयझॅक हॅरिस. लोक त्यांना 'शर्टवेस्टचे राजे' म्हणत. कामाला सुमारे पाचशे माणसं, त्यात बहुतेक इटालियन आणि पूर्व युरोपातून आलेल्या ज्यू मुली. सुट्टीची वेळ झाली होती, पगाराची पाकिटं वाटून झाली होती. आठव्या मजल्यावर एका कटिंग टेबलाखाली चिंध्यांच्या पेटीत ठिणगी पडली. बहुधा कुणाची तरी सिगारेट किंवा काडी असावी. अर्ध्या तासाच्या आत सगळं संपलं होतं. १४६ माणसं गेली. त्यांत १२३ स्त्रिया आणि मुली, २३ पुरुष. सगळ्यांत लहान मुली चौदा वर्षांच्या होत्या.

हे आकडे तुमच्यापैकी अनेकांना माहीत असतील. ८ मार्चच्या आसपास या आगीचा उल्लेख होतो, दोन अश्रू ढाळले जातात, आणि विषय संपतो. मला त्या आगीकडे आज जमाखर्चाच्या वहीसारखं बघायचंय. माझा मुद्दा एवढाच आहे, की तिथे अग्निसुरक्षा 'नव्हती' असं नाही. होती. पण ती स्वस्तातली होती. आणि प्रत्येक ठिकाणी जे वाचवलं, त्याचा खर्च नाहीसा झाला नाही, तो दुसऱ्या कुणाच्या तरी खात्यावर गेला. कुणाच्या, ते बघू.

पहिली नोंद इमारतीची. ॲश बिल्डिंग १९०१ साली पुरी झाली आणि ती 'अग्निरोधक' म्हणून ओळखली जायची. हे खोटं नव्हतं हं! आगीनंतर इमारत उभीच राहिली आणि आजही उभी आहे. न्यूयॉर्क विद्यापीठाच्या ताब्यात आहे, तिथे विज्ञानाचे वर्ग आणि प्रयोगशाळा आहेत. म्हणजे इमारत वाचली. प्रश्न असा, की अग्निरोधक म्हणजे कुणासाठी रोधक? तेव्हाच्या नियमांप्रमाणे दीडशे फुटांहून उंच इमारतीत जमीन आणि दारं-खिडक्यांच्या चौकटी न जळणाऱ्या लागायच्या. ही इमारत १३५ फुटांची, म्हणून लाकूड चाललं. एवढ्या मोठ्या मजल्यांना तिसरा जिना हवा, असा मुद्दा बांधकाम खात्याच्या निरीक्षकानं काढला होता. आर्किटेक्टनं उत्तर दिलं, मागची लोखंडी शिडी तिसरा जिनाच समजा. समजली गेली. ती शिडी अरुंद होती, आणि खाली रस्त्यापर्यंत पोचतच नव्हती. मागच्या बंदिस्त चौकात काचेच्या छताच्या वर संपत होती. त्या दिवशी माणसांच्या भारानं आणि उष्णतेनं ती वाकली आणि तुटली. तिच्यावरची वीसहून जास्त माणसं खाली कोसळली. एका जिन्याचे पैसे आणि त्या जिन्यानं दर मजल्यावर खाल्ली असती ती भाड्याची जागा, एवढी ती बचत होती.

दुसरी नोंद दाराची. कायद्यात लिहिलं होतं, की कारखान्याची दारं कामाच्या वेळेत कुलूपबंद असता कामा नयेत आणि ती 'शक्य असेल तिथे' बाहेर उघडावीत. हे 'शक्य असेल तिथे' नीट ऐका. जिना इतका चिंचोळा बांधला होता, की दार बाहेर उघडायला जागाच उरत नव्हती; म्हणून ते शक्य नाही असं ठरलं. आधी स्वस्त बांधायचं, मग त्या स्वस्तपणाचीच सबब कायद्यापुढे ठेवायची. आमच्या तर्कशास्त्रात याला चक्रक दोष म्हणतात.

आणि कुलूप? नवव्या मजल्यावर वॉशिंग्टन प्लेसकडचं दार बंद होतं. का? तर सुट्टीच्या वेळी सगळ्या मुलींनी एकाच बाजूनं बाहेर पडावं आणि जाताना पर्स उघडून दाखवावी. कुणी ब्लाउज, लेस लांबवू नये म्हणून. पुढे खटल्यात सरकारी वकिलानं हॅरिसला विचारलं, या मुलींकडून पकडलेल्या चोरीच्या मालाची एकूण किंमत किती? तो पंचवीस डॉलरच्या वर गेला नाही. पंचवीस डॉलर, मित्रहो. रखवालदार ठेवला असता तर त्याला पगार द्यावा लागला असता. कुलूप एकदाच विकत घ्यायचं असतं. दाराचा पहारा म्हणून ते सगळ्यांत स्वस्त होतं, आणि त्याच दारामागे अनेक माणसं मेली.

तिसरी नोंद चिंध्यांची. कापड बेतताना उरलेले तुकडे टेबलाखालच्या पेट्यांत टाकत. ते विकले जात, तो कचरा नव्हताच, उत्पन्न होतं. चिंधीवाला वर्षातून साधारण सहा वेळा येई. त्या वेळी तो शेवटचा जानेवारीत येऊन गेला होता, आणि आग लागली मार्चअखेर. म्हणजे दोन महिन्यांचं पातळ सुती कापड आणि त्यातला टिश्यू कागद टेबलांखाली साठलेला होता.

चौथी नोंद निरोपाची. आठव्या मजल्यावरून दहाव्यावर, म्हणजे मालकांच्या ऑफिसात, टेलिफोन गेला. नवव्याला फोन करायचा तर तो दहाव्याच्या स्विचबोर्डावरूनच जोडावा लागे. तिथल्या बाईनं घाबरून जागा सोडली. धोक्याची घंटा तीन मजल्यांत मिळून एकही नव्हती. त्यामुळे आठव्याला कळलं आगीमुळे, दहाव्याला कळलं फोनमुळे आणि नवव्याला कळलं ते ज्वाळा खिडकीतून आत आल्यावर. दहाव्या मजल्यावरचे जवळजवळ सगळे गच्चीवरून शेजारच्या इमारतीत गेले आणि वाचले. मालकही त्यातच होते. नवव्या मजल्यावर अडीचशेच्या आसपास माणसं होती, आणि मेलेल्यांतले बहुसंख्य तिथलेच.

साधनं नव्हती असं म्हणू नका. पाण्याच्या बादल्या भरून ठेवलेल्या होत्या. भिंतीला होज होता. आठव्या मजल्यावरच्या मॅनेजरनं तो ओढला, तर त्यातून पाणी आलं नाही. तपासणीच्या वहीत खूण करायला होज पुरतो. त्यातून पाणी येतं का, हे बघायला कुणीतरी नियमितपणे तो फिरवावा लागतो, आणि त्या फिरवणाऱ्याला पगार लागतो. बाहेर अग्निशमन दल काही मिनिटांत पोचलं, पण त्यांची शिडी सहाव्या मजल्यापर्यंतच जात होती. साठावर माणसांनी खिडक्यांतून उड्या घेतल्या. खाली धरलेली जाळी फाटली. दोन लिफ्टमन मात्र, जोसेफ झिटो आणि गॅस्पर मॉर्टिलालो, लिफ्ट चालेनाशी होईपर्यंत वर-खाली करत राहिले आणि त्यांनी पुष्कळ जीव वाचवले.

आता कुणी म्हणेल, सर, तो काळच तसा होता. तेव्हा हे ज्ञान नव्हतं. हा युक्तिवाद मला मान्य नाही, आणि माझ्या मते आजच्या व्याख्यानाचं मर्म इथेच आहे.

त्या आगीच्या पाऊणशे वर्षं आधी, १८३५ साली, ऱ्होड आयलंडमध्ये झकराया ॲलन नावाचा एक गिरणीमालक होता. त्यानं आपली कापडगिरणी आगीपासून जपायला पदरचे पैसे घातले आणि विमा कंपनीकडे गेला. म्हणाला, माझा धोका कमी झालाय, हप्ता कमी करा. कंपनी म्हणाली, नाही, सगळ्यांना एकच दर. म्हणजे निष्काळजी माणसाचं नुकसान काळजी घेणाऱ्यानं भरायचं. ॲलननं मग इतर गिरणीमालकांना एकत्र केलं आणि परस्पर विम्याची संस्था काढली. धोका कमी करील त्यालाच आत घ्यायचं, तपासणी करायची, आणि वर्षाखेरीस उरलेले पैसे सभासदांना परत. १८७४ साली हेन्री पार्मली यानं न्यू हेवनमधल्या आपल्या पियानोच्या कारखान्यासाठी आपोआप सुटणारे पाण्याचे फवारे बनवले. ग्रिनेल यानं ते सुधारले. परस्पर विमा संस्थांनी सभासदांच्या गिरण्यांत ते लावण्याचा आग्रह धरला. १९११ पर्यंत न्यू इंग्लंडच्या सुती गिरण्यांत हे फवारे ही रोजची गोष्ट झाली होती. अमेरिकेबाहेर ते विकण्याचे हक्क मँचेस्टरच्या मॅथर अँड प्लॅटनं घेतले. होय, चिंचवडला जिचा पंपांचा कारखाना पुढे निघाला, तीच ही कंपनी. तेव्हा ज्ञान होतं, वस्तू होती, ती बनवणारे होते, लावणारे होते.

मग न्यूयॉर्कच्या कपड्याच्या कारखान्यांत फवारे का नव्हते? एक तर कायद्यानं सक्ती नव्हती. दुसरं कारण विम्याच्या दलालीचं. दलालाला हप्त्यावर टक्केवारी मिळे. धोका जास्त तर हप्ता जास्त, हप्ता जास्त तर दलाली जास्त. मग धोका कमी करा, हे सांगणार कोण? शिवाय एकेक विमा डझनावारी कंपन्यांत वाटलेला, त्यामुळे कुणा एकीचं नुकसान जाणवण्याइतकं मोठं होत नसे. आंधळं दळतंय आणि कुत्रं पीठ खातंय, असा कारभार. ब्लँक आणि हॅरिस यांच्या कारखान्यांत आधीही आगी लागल्या होत्या. १९०२ साली ट्रँगलमध्येच दोनदा लागली. विमा कंपन्यांनी भरपाई दिली, आणि नवा विमाही दिला. १९०९ मध्ये मॅककिऑन नावाच्या अग्निसुरक्षा तज्ज्ञानं ट्रँगलची पाहणी केली. एक दार नेहमी बंद असतं हे त्याला कळलं. आगीच्या कवायती घ्या, असं त्यानं सुचवलं, आणि त्या कामातल्या एका माहीतगाराला गाठून दिलं. त्या माहीतगारानं कंपनीला पत्र लिहिलं. त्याला उत्तर आलं नाही. त्याच हिवाळ्यात ट्रँगलच्या मुली संपावर होत्या, आणि तो संप पसरत हजारोंचा झाला. शेवटी पगार आणि तास यांवर काही पदरात पडलं, पण संघटनेला मान्यता ट्रँगलनं दिली नाही. 'हे दार उघडा' असं मालकाला सांगू शकेल असं कुणी कारखान्यात उरलं नाही.

आता हिशोबाचं दुसरं पान. डिसेंबर १९११ मध्ये दोन्ही मालकांवर खटला चालला. ढिगाऱ्यातून सापडलेलं कुलूप कोर्टात दाखवण्यात आलं. पण न्यायाधीशांनी ज्यूरीला सांगितलं, दार त्या क्षणी बंद होतं, आणि ते बंद असल्याचं मालकांना ठाऊक होतं, हे दोन्ही सिद्ध व्हायला हवं. २७ डिसेंबरला दोघे निर्दोष सुटले. १९१४ मध्ये दिवाणी दावे मिटले, मृतामागे ७५ डॉलर देऊन. आणि विम्याचं काय? मालकांना जेवढं नुकसान दाखवता आलं, त्याहून सुमारे ६०,००० डॉलर जास्त मिळाले. भागाकार तुम्हीच करा; मेलेल्या प्रत्येक माणसामागे चारशे डॉलर. १९१३ मध्ये ब्लँकला त्याच्या नव्या कारखान्यात कामाच्या वेळी दाराला कुलूप लावल्याबद्दल पुन्हा पकडलं. दंड वीस डॉलर.

कांटनं १७८५ मध्ये मांडलेला एक भेद मी तीस-पस्तीस वर्षं वर्गात शिकवला. ज्याच्या बदल्यात दुसरं काही ठेवता येतं त्याला किंमत असते. ज्याच्या बदल्यात काहीच ठेवता येत नाही त्याला प्रतिष्ठा असते. खरं सांगतो, मला तो भेद जरा पुस्तकी वाटायचा. ७५, ४०० आणि २० हे तीन आकडे एकाखाली एक लिहिले, तेव्हा तो भेद कशासाठी आहे ते मला कळलं.

मालकांना तरी हा व्यवहार स्वस्त पडला का? तात्पुरता पडला. पण कामगारांच्या घरांनी जे भरलं, त्याला हिशोबाच्या वहीत रकानाच नव्हता. मिळवती मुलगी गेलेली घरं होती, तिच्या पाठवलेल्या पैशांवर चालणारी दूरच्या गावची कुटुंबं होती. म्हणून मी याला 'छुपा' खर्च म्हणतो. तो कुणी दडवलेला नसतो, फक्त ज्याच्या हातात वही असते त्याला तो दिसत नाही.

पुढे काय झालं ते थोडक्यात सांगतो, कारण तेही महत्त्वाचं आहे. त्या संध्याकाळी वॉशिंग्टन स्क्वेअरजवळ फ्रान्सिस पर्किन्स नावाची तरुणी चहाला आली होती. तिनं माणसं खिडक्यांतून पडताना पाहिली. जून १९११ मध्ये राज्यानं चौकशी आयोग नेमला. रॉबर्ट वॅगनर अध्यक्ष, ॲल स्मिथ उपाध्यक्ष, आणि पर्किन्स त्याच्या कामात सामील. पुढच्या काही वर्षांत तीसहून अधिक कायदे झाले. त्यांत आगीच्या कवायती होत्या, मोकळी दारं होती, आणि उंच इमारतींतल्या मोठ्या कारखान्यांत फवारेही होते. जागामालक आणि कारखानदार ओरडले, की धंदा बुडेल. न्यूयॉर्कचा कपड्याचा धंदा बुडाला नाही. सगळ्यांनाच सारखा खर्च आल्यावर कुणीच महाग ठरत नाही. आणि पर्किन्स १९३३ मध्ये अमेरिकेची मजूरमंत्री झाली, तिथल्या मंत्रिमंडळातली पहिली स्त्री.

हे वाचून कुणाला वाटेल, चला, धडा शिकून झाला. ११ सप्टेंबर २०१२ ला कराचीत अली एंटरप्रायझेस या कपड्याच्या कारखान्याला आग लागली. अडीचशेहून जास्त कामगार गेले. खिडक्यांना गज होते, बाहेरची दारं बंद होती. आणि या कारखान्याला जेमतेम तीन आठवडे आधी एक आंतरराष्ट्रीय प्रमाणपत्र मिळालं होतं, कामाची जागा सुरक्षित असल्याचं! ही आग खंडणीसाठी लावली गेली, असा निकाल पुढे तिथल्या कोर्टानं दिला. असेल. पण आग कुणी लावली हा एक प्रश्न आहे, आणि माणसं बाहेर का पडू शकली नाहीत हा दुसरा. पहिल्याच्या उत्तरानं दुसरा सुटत नाही. ट्रँगलमध्येही सिगारेट कुणाची, हे कळून काय उपयोग झाला असता?

आपल्याकडचं बघा. २९ डिसेंबर २०१७ च्या मध्यरात्रीनंतर मुंबईत लोअर परळच्या कमला मिल आवारात, गच्चीवरच्या रेस्टॉरंटांत आग लागली. १४ माणसं गेली, आणि त्यातली बरीच स्वच्छतागृहात गुदमरलेली सापडली. बाहेरची वाट सापडली नाही की माणूस आतली बंद खोली गाठतो. कायदा तेव्हा होता. महाराष्ट्र आग प्रतिबंधक व जीवसंरक्षक उपाययोजना अधिनियम २००६ चा आहे. त्याप्रमाणे मालकानं किंवा जागा वापरणाऱ्यानं परवानाधारक संस्थेकडून तपासून घेऊन दर जानेवारी आणि जुलैत प्रमाणपत्र द्यायचं असतं. कल्पना चांगली आहे. पण पैसे देणारा मालक, आणि प्रमाणपत्र देणाराही त्यानंच निवडलेला. न्यूयॉर्कचा दलाल आठवा. जिथे तपासणाऱ्याचं पोट तपासून घेणाऱ्यावर अवलंबून असतं, तिथे स्वस्त म्हणजे सहसा 'न बघता' असा अर्थ होतो. सगळेच तसे असतात असं मी म्हणत नाही. मन लावून काम करणारी माणसं मला माहीत आहेत. पण निम्म्या पैशात जे मिळतं त्यात कुठला अर्धा भाग गळतो, हे विचारायला हवं. सिलिंडर गळत नाही, पाटी गळत नाही, कागद तर नाहीच नाही. गळतो तो वेळ: सिलिंडरचा दाब बघण्याचा, होज फिरवण्याचा, बायकांना एकदा जिन्यानं खाली उतरवून बघण्याचा.

तेव्हा त्या विद्यार्थ्याला मी फोन केला. दर किती, हे विचारलंच नाही. म्हटलं, "संध्याकाळी सुट्टी होते तेव्हा तुझ्या मागच्या जिन्याचं दार उघडं असतं का?" तो जरा वेळ गप्प बसला. मग म्हणाला, "सर, तिकडे मालाचे गठ्ठे आहेत. आणि कुलूप असतं. मागे दोनदा माल गेला होता."

"किती रुपयांचा?"

"असेल सात-आठ हजारांचा."

मी त्याला पंचवीस डॉलरची गोष्ट सांगितली. तो काही बोलला नाही. आठवड्यानं त्यानंच कळवलं: गठ्ठे हलवले, कुलूप काढलं, आतून दांडी दाबली की उघडतं असं दार बसवायला टाकलंय, आणि एका शनिवारी सगळ्या बायकांना त्या जिन्यानं उतरवून बघितलं. चार मिनिटं लागली, आणि दोघीजणींना हा जिना आहे हेच ठाऊक नव्हतं. दुसऱ्या तपासनिसाकडून त्यानं दर मागवलाय, जास्तीचा. "महाग पडतंय सर," असं म्हणाला, आणि ते खरंच आहे. लहान धंद्याला हा खर्च जड जातो, हे मी नाकारत नाही. चार कारखानदारांनी मिळून एक चांगला माणूस नेमावा, ॲलननं १८३५ मध्ये केलं तसं काहीतरी भोसरीत का होऊ नये, असं मी त्याला म्हटलं. तो शेजाऱ्यांशी बोलतो म्हणालाय.

चार मिनिटं मात्र जास्त आहेत. ती कमी कर, असं सांगून मी फोन ठेवला. इथेच थांबतो.